धाब्यावरची माती : गावाच्या भूकंप तयारीच्या नोंदी (चोपडा तालुका)

26 जानेवारी 2025, रविवार

झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि ग्रामसभा बसली. आपत्ती आराखड्याचा विषय सातव्या नंबरला, म्हणजे लोक चपला शोधायला लागतात तेव्हा. दरवर्षी त्यात पूर, वीज, आग एवढंच असतं. जुन्या कागदावर तारीख बदलली की झालं काम. या वेळच्या नमुन्यात 'भूकंप' असा एक रकाना होता आणि तो कोरा होता. सरपंचताईंनी विचारलं, हा कोण भरणार? मागून कोणीतरी हसलं, "आपल्याकडं कुठला आलाय भूकंप!"

तेव्हा निवृत्त मास्तर उठले. म्हणाले, 2001 साली हाच दिवस आणि हेच मैदान. पावणेनऊला शाळेच्या हौदातलं पाणी आपोआप हिंदकळायला लागलं, पोरं हसत बघायला धावली. केंद्र भुजकडं, इथून साडेपाचशे किलोमीटरच्या पलीकडं. त्याच वेळी तिकडं कच्छातल्या अंजारमध्ये प्रभातफेरीला निघालेल्या शाळकरी पोरांवर अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरं कोसळली. सभेत मग कोणी हसलं नाही.

मी डिप्लोमा सिव्हिल, लग्नाआधी सहा वर्षं जळगावला साइटवर काढलेली, आणि गावाची सून. रकाना माझ्या पदरात पडला. मुदत पावसाळ्यापर्यंत. पैसे 40 हजार, तेही बिलं जोडून.

2 फेब्रुवारी

पहिली चूक करून मोकळी झाले. "खाली बसा, टेबलाखाली शिरा, धरून ठेवा" अशी तीस पोस्टरं जळगावहून छापून आणली आणि पारावर, गिरणीत, डेअरीत डकवली. छान रंगीत, टेबलाखाली हसरा मुलगा. संध्याकाळी नळावर शेजारच्या मोठ्या आईनं गाठलं. "ताई, टेबल कथाईन आनू?" आमच्या गल्लीत 41 घरं. मनातल्या मनात मोजलं, टेबलं दोन. एक किराणा दुकानात, एक अंगणवाडीत. मग तिनं खरा प्रश्न विचारला: "धरती हालनी ते पळानं का बसानं?"

मला उत्तर देता आलं नाही. कॉलम-बीमच्या घरात बसावं हे बरोबर आहे. तिथं बहुधा कपाट, पंखा, काच अंगावर येते आणि पळणारा जिन्यात पडतो. पण धाब्याच्या, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत असलेल्या घरात छतच खाली येतं. त्याच्याखाली टेबल काय कामाचं? पळायचं म्हटलं तर दार साडेपाच फूट, उंबरा वीतभर, बाहेर सहा फुटांची गल्ली आणि दोन्हीकडं दगडी भिंती. म्हणजे अंजारच.

रात्री किल्लारीचं पुन्हा वाचलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जनाहून येऊन गाढ झोपलेले. तीव्रता 6.2. भुजच्या 7.7 समोर ऊर्जेचा हिशेब केला तर शंभरावा हिस्साही भरत नाही. तरी जवळजवळ दहा हजार माणसं गेली. जमीन हलली काही सेकंद. जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या माळवदानं. त्यांचं माळवद ते आपलं धाबं.

पोस्टरं फाडली नाहीत. शाळेत आणि नव्या प्लॉटातल्या स्लॅबच्या घरांकडं हलवली. मोठ्या आईचं उत्तर बाकी आहे.

9 फेब्रुवारी

आराखड्यात लिहायची माहिती गोळा केली. आयएस 1893, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक, त्याच्या नकाशात आपण तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोका. हे वाचून दाखवलं तर ग्रामसेवक म्हणाले, "मध्यम ना, मग बरंय." त्यांना सांगितलं, किल्लारी तर तेव्हा पहिल्या झोनमध्ये होती, सगळ्यांत निर्धोक. 2002 मध्ये तो पहिला झोनच रद्द करून टाकला.

दुसरी गोष्ट जमिनीची. तापीपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गाळाचा जाड थर आहे. बोअरवाले सांगतात की गाडी दिवसभर चालली तरी काळा खडक लागत नाही, नुसती माती, वाळू, गोटे. केळीला हीच जमीन सोनं. पण खडकावरच्या गावापेक्षा गाळावरचं गाव जास्त आणि जास्त वेळ हलतं. आबांना, म्हणजे सासऱ्यांना, हे सांगितलं तर म्हणाले, परातीत दही हालतं तसं. मी आराखड्यात तेच लिहिणार होते, ग्रामसेवकांनी खोडलं.

16 फेब्रुवारी

आज धाबं मोजलं.

घर आमचंच. पुढं स्लॅब, मागं आबांची जुनी खोली, 1972 च्या दुष्काळात त्यांच्या वडिलांनी बांधलेली. आबा अजून तिथंच झोपतात, कारण वैशाखात तिथं कूलर लागत नाही. रचना गावातल्या कुठल्याही धाब्यासारखी: तळखड्यावर (खालच्या बैठकीच्या दगडावर) उभे सागाचे खांब, खांबांवर सरे (आडव्या तुळया), सऱ्यांवर दाट काड्या, कडुनिंबाचा पाला, मग माती, वर खारी, म्हणजे खारट माती. दर मे महिन्यात एक थर नवीन खारी, म्हणजे पावसात गळत नाही. जुनी कोणी काढत नाही. काढायची असते हेच कोणाला ठाऊक नाही.

"माझ्या बापाच्या धाब्याला भोक पाडणार?" इथपासून सुरुवात. सासूबाईंनी मध्ये पडून फूटभराची परवानगी मिळवून दिली. मिस्तरींनी पहारीनं एक फूट बाय एक फूट चौकोन कोरला आणि मी टेप सोडली: दोन फूट एक इंच. कडेला थर दिसत होते, पांढरा, राखी, पुन्हा पांढरा, कापलेल्या खारी बिस्किटासारखे. एका थरात बांगडीचा हिरवा तुकडा निघाला, एकात दहा पैशांचं कातरकडेचं नाणं. आबांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसून खिशात टाकलं.

मग वजन. बरोबर एक घनफूट माती पोत्यात भरून कापूस मोजायच्या काट्याला टांगली. 46 किलो. खोली बारा बाय दहा, जाडी दोन फूट. 240 घनफूट गुणिले 46. फोनवर आकडा आबांना दाखवला, 11 हजार 40. आबांनी आयुष्यभर केळी भरून दिल्लीला गाड्या लावल्यात, त्यांना किलोत सांगावं लागत नाही. म्हणाले, "अकरा टन म्हणजे केळीची भरलेली गाडी. रोज रात्री मी भरल्या गाडीखाली झोपतो का?"

संध्याकाळी त्यांनी स्वतःची बाज ओसरीत आणली. सकाळी बघते तर पुन्हा आत. म्हणे थंडी वाजली.

23 फेब्रुवारी

वजन एवढ्यावर थांबत नाही हे मिस्तरींना समजावताना घसा बसला. छत नुसतं उभं असतं तेव्हा वजन खाली खांबांवर जातं. जमीन आडवी हलली की तेच वजन आडवं ओढतं, आणि जितकं वजन तितकी ओढ जास्त. मिस्तरी ऐकून घेतात आणि मान हलवतात, पण मान कोणत्या अर्थानं हलवतात ते कळत नाही. शेवटी डोक्यावर रिकामं घमेलं ठेवून बैलगाडीत उभं राहायला सांगितलं, मग भरलेलं. भरलेल्याला तिसऱ्या पावलावर माती अंगावर. गल्लीतली पोरं खूश.

14 मार्च, धुळवड

रंग खेळून आलेल्या पोरांना एवढंच सांगितलं: 1938 मध्ये आजच्याच तारखेला इथं समोर दिसतो त्या सातपुड्यातच भूकंप झाला होता, तीव्रता 6 च्या वर, म्हणजे किल्लारीच्या तोडीचा. तो जमिनीत खूप खोल होता, किल्लारीचा अगदी वर. एवढ्या फरकावर गावं वाचली. पोरांनी विचारलं, पुढचा खोल असेल का वर? आणि पिचकारी मारून पळाली.

21 मार्च

शाळेतली रंगीत तालीम फसली. घंटा दिली, पोरं बेंचाखाली व्यवस्थित शिरली, दप्तर डोक्यावर घेऊन ओळीनं निघाली आणि फाटकाशी तुंबली. फाटक आत उघडणारं, शिवाय कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडं ते पोषण आहाराचे तांदूळ आणायला गेलेले. दोघी पडल्या, एकीचा गुडघा फुटला. तिच्या आईनं संध्याकाळी माझी चांगली हजेरी घेतली, आणि मी ऐकून घेतली.

फाटक आता बाहेर उघडतं. वेल्डिंगचे 1,800. वर्गातली तीन लोखंडी कपाटं अँगल लावून भिंतीला खिळली, 600. आतापर्यंतचा सगळ्यांत स्वस्त सुधार हाच.

29 मार्च

काल म्यानमारला मोठा भूकंप, 7.7. बँकॉकमधली बांधकाम चालू असलेली उंच इमारत बसतानाचा व्हिडिओ दुपारपासून प्रत्येक फोनवर. रात्री आठला त्याच ग्रुपवर निरोप फिरायला लागला: "आज रात्री 2 वाजता खानदेशात भूकंप, नासाने कळवले." साडेआठला पाराजवळ ही गर्दी. मी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं की तारीख-वेळ सांगून भूकंप वर्तवता येतो असं यंत्र जगात कोणाकडंच नाही, जो सांगतो तो खोटं सांगतो. लोकांनी ऐकलं. मग सगळ्यांनी बाजा उचलून मोकळ्या मैदानात नेल्या.

मी चिडले होते, पण दोन वाजता फेरी मारली तेव्हा वाटलं, वही घेऊन यायला हवं होतं. बिनपैशाची तालीम चालली होती. कोणी म्हाताऱ्याला पाठंगुळी आणलंय, कोणाची गाय दाव्याला तशीच राहिलीय, कोण चार्जिंगवाली बॅटरी विसरलंय. दोन घरांतली आजारी माणसं आतच ठेवून बाकीचे बाहेर आलेले. ही दोन घरं सकाळी आशाताईंच्या यादीत लाल पेनानं लिहिली. उद्या गुढीपाडवा, सगळे पेंगत गुढी उभारणार.

8 एप्रिल

आबांनी होकार दिला. कारण विचारलं नाही.

धाबं उतरवायला सुरुवात. आधी खांबांना आतून टेकू दिले, मग दोन्ही बाजूंनी सारखी माती काढत गेलो. एकीकडूनच काढली तर छत कलतं. आठ इंच ठेवायची, बाकी खाली. त्या आठ इंचांत गळणार कसं नाही, हा आख्ख्या गल्लीचा प्रश्न. उत्तर आबांनीच शोधलं: चुलतभावाच्या शेततळ्यातून उरलेला पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. चार इंच माती, तिच्यावर कागद, वर पुन्हा चार इंच, म्हणजे ऊन लागून कागद चिरत नाही. किल्लारीनंतर दुरुस्तीच्या सूचनांतही माती कमी करून मध्ये कागद घालायचं हेच सांगितलं होतं. आबांना ते सांगितलं नाही. त्यांची युक्ती त्यांच्या नावावर राहू दे.

चार ट्रॉल्या माती निघाली. सात टनांवर.

12 एप्रिल

भिंतीकडं वळलो आणि मिस्तरींचा नूर बदलला. उत्तरेच्या भिंतीनं पोट काढलंय हे सगळ्यांनाच दिसत होतं, पण "ते जुनंच आहे" म्हणून सोडलेलं. मी म्हटलं, एक दगड काढून बघू. मिस्तरींनी पहार न लावता हातानं हलवून काढला. दोन फुटांच्या भिंतीत दगड होता आठ इंचांचा. त्याच्या मागं बोटभर दगडगोटे, भुरभुरीत माती, उंदराचं घर. पलीकडं बाहेरच्या बाजूचा दुसरा दगड, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे एक भिंत नव्हेच ती; पातळ दोन भिंती पाठीला पाठ लावून उभ्या, मध्ये भुसा भरल्यासारखी माती. हादरा बसला की आतली आत येते, बाहेरची गल्लीत जाते, आणि छत मधोमध.

मिस्तरी उकिडवे बसून त्या भोकात बराच वेळ बघत होते. त्यांच्या बापानं बांधलेली भिंत. नंतर म्हणाले, पूर्वीच्या लोकांनी मध्ये मध्ये आरपार दगड घातलाय, देवळाला बघा. दुष्काळात लांब दगड घडवायला कोणाला परवडतंय?

उपाय साधा, पण हाताला वेळ फार. दर तीनेक फुटांवर, वरखाली तिरकस, एकेक दगड काढून आरपार भोक करायचं, दोन्ही टोकं वाकवलेली आठ एमएमची सळई ठेवायची आणि काँक्रीट ठासायचं. ठोकाठोक बंद, नाहीतर दुरुस्तीतच भिंत जायची. दिवसाला चार भोकं झाली.

17 एप्रिल

दारांच्या वर चारी भिंतींना फिरणारा पट्टा: आतून आणि बाहेरून वेल्डमेश जाळी, आरपार तारेनं एकमेकींना बांधलेली, वर सिमेंटचा गिलावा. पेटीला सुतळी बांधतो तसं. सुतारानं खांब आणि सऱ्यांच्या सांध्यांत तिरपे टेकू मारले, तळखड्याला खांब लोखंडी पट्टीनं जखडला. हा पट्टीचा भाग आधी माझ्या यादीत नव्हता. सुतार म्हणाला, वर एवढं बांधलं आणि खाली खांब नुसता दगडावर ठेवलाय, तो उडी मारेल की. बरोबर होतं त्याचं.

खर्च 23 हजार 400, मजुरी धरून. ग्रामनिधीतून यातला एक रुपया घेतला नाही, नाहीतर सून सासऱ्याचं घर पंचायतीच्या पैशानं बांधते असं आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) पंचक्रोशीत झालं असतं. आबांनी केळीच्या पैशातून दिले.

30 एप्रिल, आखाजी

माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले. त्यांच्याकडून गल्लीचा नकाशा पुरा करून घेतला: कोणत्या घरात रात्री कोण, कुठल्या कोपऱ्यात झोपतं. हे पुरुषांना विचारून बघितलं होतं, त्यांना स्वतःच्या घरातलंही नीट सांगता येईना. लेकींना सगळं तोंडपाठ. मातीच्या ढिगात कुठं आधी उकरायचं हे त्या वहीवर ठरणार. वही पोलीसपाटलांकडं बंद पाकिटात, कारण त्यात कोणाची सून माळ्यावर वेगळी झोपते हेही आलंय.

4 मे

बचाव टोळी: 18 जण, त्यात सहा बायका. राज्याच्या आपत्ती दलाची (एसडीआरएफ) तुकडी धुळ्याला आहे, रस्ता धड असेल तर दोन-तीन तास. केंद्राची (एनडीआरएफ) पुण्याजवळ, ती पोचायला जवळजवळ अख्खा दिवस. तोवर जे काय करायचं ते आपल्यालाच. पहारी, टिकाव, दोर, करवती, ट्रॅक्टरचे जॅक, हेल्मेटं असं सामान समाजमंदिराऐवजी पारालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. समाजमंदिराची स्लॅब बिनकॉलमच्या विटांच्या भिंतींवर आहे, वर हजार लिटरची टाकी. तेच पडलं तर पहार काढायची कुठून?

जेसीबीवाल्याला दोनदा सांगितलं: माणसं आत आहेत तोवर बकेट लावायचं नाही. आधी सगळ्यांनी गप्प व्हायचं, इंजिनं बंद, आणि ऐकायचं. तालमीत मी पत्र्यांच्या ढिगाखाली जाऊन दगडानं तीन तीनदा ठोकत राहिले. पहिले दहा मिनिटं कोणालाच ऐकू आलं नाही, कारण अठराच्या अठरा जण एकमेकांना "गप्प बसा" म्हणून ओरडत होते.

मोठ्या आईला आज उत्तर दिलं. घर आमच्यासारखं जाळी-सळईनं जखडून घेतलंय तर आत, खांबाशी, डोकं झाकून बसायचं. नाही जखडलं तर दाराजवळ झोपायचं, दाराशी काही ठेवायचं नाही, आणि हादरा सुरू होताच गल्लीत न थांबता थेट पारापर्यंत जायचं. ती म्हणाली, "मना गुडघा पारलगून जातस का?" तिची बाज मुलानं पुढच्या पत्र्याच्या पडवीत हलवली. कड्यांवरचे पत्रे, फार तर डोक्याला खोक पडेल.

22 मे

खारी टाकायचे दिवस. दरवर्षी या आठवड्यात गल्लीत ट्रॉल्यांची रांग असते. या वेळी मी आणि मिस्तरी घरोघर टेप घेऊन फिरलो: आधी जुनी काढा, मग नवी टाका. 118 धाब्यांपैकी 37 घरांनी काढली. बाकीच्यांनी वरच टाकली, काहींनी तर मला बघून घाईनं टाकली. भिंतींचं काम फक्त चार घरांनी धरलं. एकानं तोंडावर सांगितलं, घरकुल मंजूर होणार आहे, या मातीत कशाला पैसे घालू? त्याचं चूक म्हणवत नाही. पण घरकुलाची साइट बघितली, कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगा लांब-लांब, नऊ-नऊ इंचांवर, आणि त्यांचे आकडे न वाकवता. मिस्तरी सोबत होते. त्यांनीच गड्याला बोलावून रिंगेचा आकडा आत कसा वाकवायचा ते दाखवलं.

काढलेली माती लोकांनी शेतात टाकली. आबा म्हणतात त्यावर मेथी चांगली येईल.

13 जून

पहाटे जोराचा पाऊस, दोन तास. उठून मागं धावले. आबांच्या खोलीत आग्नेय कोपऱ्यात धार लागलेली, खाली सासूबाईंनी पातेलं ठेवलेलं, आबा बाजेवर बसून त्याच्याकडं बघत. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, कागदाचा जोड तिथं आलाय, नुसता एकावर एक ठेवलाय. शेततळ्याला कसं करतात, दोन्ही कडा धरून दुमडायच्या आणि मग दाबायच्या. बाकीच्या चौघांना आजच सांग, त्यांचाही तसाच असेल.

उघडीप मिळाली की शिडी लावायची. मिस्तरींना निरोप दिला.